मोकळीक किती युरोंची?

रेल्वेच्या गर्दीवर आपल्याकडे एकच उपाय आहे, रांग. गाडी भरत आली की आरएसी, मग वेटिंग लिस्ट, चार्ट लागेपर्यंत दर तासाला पीएनआर तपासणं आणि काहीच जमलं नाही तर तत्काळ. भाडं मात्र जवळपास जागच्या जागी. मुंबई-नागपूरचं स्लीपरचं तिकीट दोन महिने आधी काढा नाहीतर चार दिवस आधी, तत्काळचा अधिभार सोडला तर पैसे तेवढेच. २०१६ च्या सप्टेंबरात राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना जागा भरतील तसं वाढणारं भाडं लागू झालं. तेव्हा केवढी कुरकुर झाली होती! भाडं हे अंतरावर आणि डब्याच्या वर्गावर ठरतं, असं आपण गृहीत धरून चाललेलो असतो.

हेच गृहीतक घेऊन कुणी पश्चिम युरोपच्या सहलीची तिकिटं काढायला बसला की तासाभरात चक्रावतो. एकच गाडी, एकच वर्ग, एकच तारीख, आणि तीन वेगवेगळे भाव. कालचा भाव आज नाही. तिकीट काढलं तर जागेचा नंबर नाही. नंबर मिळाला तर तिकीट दुसऱ्या गाडीला चालत नाही. यामागे एक साधं तत्त्व आहे, ते कळलं की बराचसा गुंता सुटतो. तिथे गर्दीवरचा उपाय रांग नसून भाव आहे. आणि तिकिटाच्या भावात अंतर असतं त्याहून जास्त तुमची मोकळीक असते. ‘मी याच गाडीने जाईन, बेत बदलणार नाही, पैसे परत मागणार नाही’ असं जितकं आधी आणि जितकं ठाम सांगाल, तितकं तिकीट स्वस्त.

ही पद्धत रेल्वेने विमानांकडून घेतली, आणि नुसती कल्पना नव्हे, चक्क संगणकप्रणालीच घेतली. अमेरिकन एअरलाइन्सची ‘सेबर’ ही आरक्षणप्रणाली फ्रान्सच्या राष्ट्रीय रेल्वेने, म्हणजे एसएनसीएफने, आपल्या कामासाठी बदलून घेतली आणि १९९३ मध्ये ‘सोक्रात’ या नावाने सुरू केली. सुरुवातीला तिने धुमाकूळ घातला. तिकीटखिडक्यांवर रांगा लागल्या, प्रवासी आणि कर्मचारी दोघेही संतापले. किलोमीटरनुसार ठरणारं भाडं ही ज्या देशात नागरिकाच्या हक्कासारखी गोष्ट होती, तिथे शेजारच्या प्रवाशाने आपल्यापेक्षा निम्मे पैसे दिलेत हे पचणं अवघड होतं. पुढे मात्र सगळ्यांनी तोच मार्ग धरला. भाजीबाजारात दिवेलागणीला मेथीची जुडी स्वस्त होते; या बाजारात गाडी सुटायची वेळ जवळ येते तसा भाव चढतो.

जर्मनीचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हे सगळं सर्वांत उघडपणे मांडलेलं दिसतं. म्युनिक ते बर्लिन हा आयसीई या वेगवान गाडीचा सुमारे चार तासांचा प्रवास. जर्मन रेल्वेच्या, म्हणजे डॉइचे बानच्या, संकेतस्थळावर किंवा ‘डीबी नॅव्हिगेटर’ या अ‍ॅपवर दुसऱ्या वर्गासाठी तीन तऱ्हेची तिकिटं दिसतात. ‘सुपर श्पारप्राइस’ सर्वांत स्वस्त, लवकर काढलं तर कधी विसेक युरोंत मिळतं. पण ठरलेल्याच गाडीने जायचं आणि रद्द केलं तर पैसे बुडाले. ‘श्पारप्राइस’ थोडं महाग. गाडी तीच पाळायची, पण प्रवासाच्या दिवसाआधी रद्द केलं तर थोडे पैसे कापून उरलेले परत मिळतात. आणि ‘फ्लेक्सप्राइस’, दीडशे युरोंच्या वर. यात त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीत बसा. आठची चुकली, दहाची घ्या. मध्येच न्यूरेंबर्गला उतरून जेवून पुढे जावंसं वाटलं, तरी चालतं. तिन्ही तिकिटांचा डबा एक, आसन एक, वेग एक. वरचे सव्वाशे युरो निव्वळ मोकळिकीचे आहेत.

दुसरा धक्का जागेचा. आपल्याकडे ‘कन्फर्म तिकीट’ म्हणजे डबा आणि बर्थ. जर्मनीत तिकीट हा प्रवासाचा हक्क आहे आणि जागा ही वेगळी वस्तू. ती हवी असेल तर पाच-साडेपाच युरो जास्त देऊन राखून ठेवायची. नाही ठेवली तरी गाडीत चढता येतं. रिकाम्या आसनावर बसायचं, रिकामं नसेल तर उभं राहायचं. आसनाच्या वर छोट्या पट्टीवर ‘क्योल्न ते मानहाइम’ असं काही झळकत असतं. म्हणजे ती जागा तेवढ्या टप्प्यापुरती राखलेली आहे, त्याच्या अलीकडे-पलीकडे तुम्ही खुशाल बसा. सामान आणि म्हातारी माणसं बरोबर असतील, शुक्रवारची दुपार किंवा रविवारची संध्याकाळ असेल, तर ते पाच युरो वाचवू नयेत. मुलांच्या बाबतीत मात्र जर्मन रेल्वे उदार आहे. सहा वर्षांखालच्यांना तिकीटच लागत नाही, आणि सहा ते चौदा वयाची मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात; फक्त तिकीट काढतानाच त्यांची नोंद करावी लागते. ती राहिली की फुकटचं प्रकरण महागात पडतं.

सीमा ओलांडली की नियम बदलतो. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, स्पेनची आव्हे या वेगवान गाड्यांना आरक्षण सक्तीचं असतं. तिकिटातच जागेचा नंबर येतो. फ्रान्समध्ये तर स्वस्तातल्या प्रवासासाठी गाडीच वेगळी आहे. ‘उइगो’ नावाच्या या निळ्या-गुलाबी गाड्या २०१३ मध्ये सुरू झाल्या. सामान ठरावीक मापाचं, जास्तीच्या बॅगेला जास्तीचे पैसे. काही मोठ्या फ्रेंच स्थानकांवर टीजीव्हीच्या फलाटाकडे जाताना तिकीट दाखवूनच दार उघडतं आणि गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी ते बंद होतं. धावत येऊन दांडी पकडायची आपली कला तिथे उपयोगाची नाही.

इटलीत गंमत वेगळी. तिथे वेगवान मार्गावर सरकारी ‘ट्रेनइटालिया’ला २०१२ च्या एप्रिलपासून ‘इतालो’ ही खासगी कंपनी टक्कर देते. रोम, फ्लोरेन्स, मिलान, नेपल्स या मार्गांवर दोघांच्या गाड्या एकाच रुळावरून धावतात आणि भाव खाली राहतात. पण ट्रेनइटालियाच्या संकेतस्थळावर इतालोची गाडी शोधून सापडणार नाही. दुकानदार शेजाऱ्याचा माल का विकेल? दोन्हीकडे पाहायचं आणि स्वस्त ते घ्यायचं. याच इटलीत प्रादेशिक, म्हणजे आपल्या पॅसेंजरसारख्या गाड्यांचं भाडं ठाम असतं. फ्लोरेन्सहून पिसाचा मनोरा पाहायला जायचं तर महिनाभर आधी तिकीट काढून एक सेंटही वाचत नाही. उलट तिथे एक सापळा आहे. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो आणि मोबाइलवरच्या तिकिटाचं गाडीत चढण्यापूर्वी ‘चेक-इन’ करावं लागतं. पैसे भरलेले असूनही शिक्का नसला तर दंड होतो, आणि पर्यटक आहे म्हणून टीसीला पाझर फुटेल असं धरून चालू नये.

हा फरक सगळीकडे लक्षात ठेवण्यासारखा आहे. घाई करायची ती लांबच्या, वेगवान गाड्यांसाठी. जवळच्या, दर तासाला धावणाऱ्या गाड्यांचं तिकीट स्थानकावर उभं राहूनही त्याच भावात मिळतं.

स्वित्झर्लंड या सगळ्यात वेगळं बसतं. मराठी सहलींचं ते लाडकं ठिकाण. युंगफ्राउयोखला साडेतीन हजार मीटर उंचीवर ‘बॉलिवूड’ नावाचं भारतीय उपाहारगृह आहे, यावरूनच आपली तिथली वर्दळ कळावी. तिथल्या रेल्वेत नेहमीचं तिकीट कुठल्या एका गाडीला बांधलेलं नसतं. झुरिक ते इंटरलाकेन तिकीट घ्या आणि त्या दिवशी हवं तेव्हा निघा. बहुतेक गाड्यांना आरक्षण लागत नाही. गाड्या इतक्या वेळेवर आणि इतक्या वारंवार आहेत की गाडी ‘पकडण्या’ची भाषाच तिथे अनाठायी वाटते. भाव मात्र डोळे पांढरे करणारे. तो कमी करायला ठरलेल्या गाडीला बांधलेली ‘सुपरसेव्हर’ तिकिटं, आधी काढलेले दिवसाचे पास आणि भाडं निम्मं करणारं हाफ फेअर कार्ड असे मार्ग आहेत. मला सर्वांत आवडते ती ‘ईझीराइड’. अ‍ॅपवर निघताना एक खूण सरकवायची, उतरल्यावर परत सरकवायची; कुठून कुठे गेलात हे फोनच्या ठिकाणावरून ओळखून अ‍ॅप पैसे कापतं. तिकीट काढणं हा प्रकारच नाही. अर्थात त्यासाठी फोनची बॅटरी आणि इंटरनेट दोन्ही जिवंत हवीत.

आता तिकीट कधी काढायचं? विक्री कधी उघडते हे देशागणिक वेगळं. जर्मनी अर्धं वर्ष किंवा त्याहून आधी विक्री सुरू करते, ब्रिटनमध्ये स्वस्त आगाऊ तिकिटं साधारण १२ आठवडे आधी येतात, फ्रान्समध्ये कित्येक महिन्यांची तिकिटं एका ठरलेल्या दिवशी एकदम खुली होतात. त्यात डिसेंबरचा एक खोडा आहे. साऱ्या युरोपचं रेल्वे वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर एका रविवारी बदलतं आणि त्यापुढची तिकिटं अनेकदा उशिरा मिळू लागतात. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांना सप्टेंबरात काही दिसलं नाही, तर गाडी रद्द झाली असं समजायचं कारण नाही.

आपल्यासाठी खरी अडचण वेगळीच आहे, व्हिसाची. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो. निकाल १५ दिवसांत अपेक्षित असला तरी भेटीची वेळ मिळण्यातच उन्हाळ्याच्या हंगामात आठवडे जातात. म्हणजे स्वस्त तिकिटं जेव्हा खुली असतात, तेव्हा आपण जाणार की नाही हेच नक्की नसतं. परत न मिळणारी तिकिटं हौसेने आधीच घेऊन ठेवली आणि व्हिसा अडला, तर रेल्वे कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नाही. माझं मत असं, की व्हिसा हातात येईपर्यंत बेत कागदावर ठेवावा आणि फार तर परतावा मिळणारी तिकिटं घ्यावीत. थोडे युरो जास्त जातील, पण हाच तो मोकळिकीचा भाव, आणि या ठिकाणी तो देणं शहाणपणाचं आहे. युरोपीय प्रवाशाला अशी गरज पडत नाही, म्हणून त्यांच्याकडचा ‘सर्वांत लवकर काढा’ हा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

व्हिसावरून आठवलं. पॅरिस ते लंडन युरोस्टारने जाण्याचा मोह अनेकांना होतो, आणि व्हावाच. खाडीखालच्या बोगद्यातून १९९४ पासून धावणारी ही गाडी सव्वादोन-अडीच तासांत शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात नेते. पण शेंगेन व्हिसावर ब्रिटनमध्ये जाता येत नाही. तिकीट विकणारं संकेतस्थळ हे विचारत नाही. विचारतो तो पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकातच बसलेला ब्रिटिश अधिकारी, गाडीत चढण्याआधी. त्यासाठी तास-दीड तास आधी पोहोचायचं, म्हणजे ही गाडी असली तरी वागणूक विमानाची.

तिकीट कुठे काढायचं या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं आहे: जी कंपनी गाडी चालवते तिच्याकडे. सगळ्या देशांची तिकिटं एका ठिकाणी विकणारी मध्यस्थ संकेतस्थळं आणि अ‍ॅप सोयीची असतात, पण बहुतेक जण वर शुल्क घेतात. शिवाय गाडी रद्द झाली की रेल्वे मध्यस्थाकडे बोट दाखवते आणि मध्यस्थ रेल्वेकडे. देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक खुबी आहे. बर्लिन-प्राग ही एकच गाडी जर्मन रेल्वेच्या संकेतस्थळावर एका भावात आणि चेक रेल्वेच्या संकेतस्थळावर दुसऱ्या, बरेचदा कमी भावात दिसते, कारण स्वस्त तिकिटांचा साठा दोघांचा वेगवेगळा. रात्रीची झोपायची गाडी हवी असेल तर ऑस्ट्रियाची रेल्वे पाहावी. जर्मनीने आपल्या रात्रगाड्या बंद केल्या तेव्हा २०१६ च्या डिसेंबरात ऑस्ट्रियाने त्यातल्या बऱ्याच ‘नाइटजेट’ या नावाने चालवायला घेतल्या.

कुठल्या मार्गावर कोणाची गाडी आहे हे शोधायला ‘सीट सिक्स्टीवन’ हे संकेतस्थळ मोलाचं आहे. ब्रिटिश रेल्वेत नोकरी केलेले मार्क स्मिथ यांनी ते २००१ मध्ये सुरू केलं. युरोस्टारच्या पहिल्या वर्गातल्या त्यांच्या आवडत्या आसनाचा नंबर ६१, म्हणून हे नाव. इतक्या देशांच्या रेल्वे प्रशासनांना जे एकत्र येऊन जमलं नाही, ते एका माणसाने केलं.

शोधताना स्थानकाचं नाव तिथल्या भाषेत द्यावं. फ्लोरेन्सला फिरेन्झे, म्युनिकला म्युन्शेन. आणि शहर बरोबर असलं तरी स्थानक पाहावं. व्हेनिसचं ‘मेस्त्रे’ हे स्थानक मुख्य भूमीवर आहे, कालव्यांच्या काठाशी उतरायचं तर ‘सांता लुचीया’ हवं.

पैसे भरताना आपली कार्डं रुसतात, त्यामागेही कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपोआप चालू नसतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते आधी सुरू करावे लागतात. ओटीपी भारतातल्या सिमकार्डावर येतो, म्हणून तिकिटं शक्यतो घरून निघण्यापूर्वीच काढावीत किंवा ते सिम रोमिंगवर जागं ठेवावं. ‘रुपयांत भरता का?’ असा प्रेमळ प्रश्न आला तर नाही म्हणावं. तो विनिमय दर सहसा तोट्याचा असतो.

मिळणारं तिकीट म्हणजे बहुतेक वेळा एक चौकोनी, ठिपक्याठिपक्यांचा कोड. मध्यभागी एकात एक बसवलेले चौकोन दिसले तर तो ‘अ‍ॅझ्टेक कोड’; वरून पाहिलेल्या अ‍ॅझ्टेक पिरॅमिडसारखा दिसतो म्हणून हे नाव, आणि १९९५ च्या सुमारास तो अमेरिकेत तयार झाला. त्यात गाडी, तारीख, नाव हा सगळा मजकूर असतो आणि सोबत रेल्वे कंपनीची डिजिटल सहीही असते. त्यामुळे बोगद्यात नेटवर्क नसतानाही टीसीचं यंत्र तिकीट खरं की खोटं हे सांगू शकतं. जर्मनीत ऑनलाइन तिकिटावर प्रवाशाचं नाव असतं आणि ओळखपत्र मागितलं जातं. आपलं आधार तिथे कामाचं नाही, पासपोर्ट जवळ हवा.

पासांबद्दल थोडक्यात. युरोपबाहेरच्यांसाठीचा ‘युरेल’ पास १९५९ पासून आहे आणि त्याची जादू अजून ओसरलेली नाही. पण सक्तीच्या आरक्षणाच्या गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. चार-पाचच मोठे प्रवास आणि तारखा नक्की असतील तर सुटी तिकिटं बहुधा स्वस्त पडतात. रोज उठून कुठे जायचं ते रोज ठरवणाऱ्याने पास घ्यावा. जर्मनीत महिनाभर मुक्काम असेल, मुलगा-सून तिकडे असतील, तर ‘डॉइचलांडटिकेट’ बघावं. २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंना सुरू झालेलं हे तिकीट २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरोंना आहे. देशभरातल्या लोकल गाड्या, मेट्रो, ट्राम, बस यांत महिनाभर चालतं, आयसीईत नाही. ते वर्गणीच्या स्वरूपात असतं. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द न केल्यास पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात.

आणि गाडी उशिरा आली तर? येते, जर्मनीत तर हमखास. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि त्यांच्या लेखी सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर म्हणजे वेळेवरच. अशा वेळी स्वस्त, बांधील तिकीटवाल्याचं काय? इथे नियम प्रवाशाच्या बाजूचा आहे. शेवटच्या स्थानकावर वीस किंवा अधिक मिनिटं उशीर होणार असं दिसलं की गाडीचं बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. मात्र सगळा प्रवास एका तिकिटावर हवा. मध्ये गाडी बदलायची असताना चार युरो वाचवायला दोन टप्प्यांची दोन तिकिटं दोन कंपन्यांकडून घेतली, आणि पहिली गाडी रखडून दुसरी चुकली, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त उशिरा आलेले प्रवासी असता.

भरपाईचा हक्क युरोपीय संघाच्या नियमातच आहे. जून २०२३ पासून लागू असलेल्या त्याच्या सुधारित रूपानुसार तासाभराच्या किंवा त्याहून जास्त उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांपासून पुढे ५० टक्के परत मिळतात. वादळासारखं असाधारण कारण असेल तर नाही. मागणी तीन महिन्यांच्या आत करायची. अर्जात पैसे कुठे पाठवायचे म्हणून ‘आयबॅन’ हा बँक क्रमांक मागतात आणि आपल्या बँकांना आयबॅन नाही. तिथे कुणी नातेवाईक असेल तर त्याच्या खात्याचा द्यावा, नसेल तर कंपनीचं व्हाउचर स्वीकारावं आणि परतीच्या आधीच एखाद्या तिकिटात खर्चून टाकावं.